३०० रुपये दंड भरून मिटलेली केस साक्षांकन नमुन्यात लिहायची का?

उजनीकाठची ताई

नमस्कार सगळ्यांना. माझ्या धाकट्या भावाचं नाव पोलीस शिपाई भरतीच्या निवड यादीत आलंय. तीन वर्षं तो पहाटे साडेचारला उठून कॅनॉलच्या कडेने पळतोय. मागच्या भरतीत गोळाफेकीत गेला होता, दोन मार्क कमी पडले. या वेळी यादी लागली त्या दिवशी आईने अख्ख्या आळीत पेढे वाटले. आता चार दिवस झाले, घरात कुणाला जेवण जात नाही. कारण साक्षांकन नमुना. त्यात विचारलंय की तुम्हाला कधी अटक झाली होती का, खटला चालला का, दंड झाला का, कोर्टाने दोषी धरलंय का.

आणि झालंय. २०१९ च्या दिवाळीत, भाऊबीजेच्या आदल्या रात्री पाच पोरं मारुतीच्या देवळामागे पत्र्याच्या शेडखाली तीन पानी खेळत बसली होती. पोलिसांची गाडी आली. पत्ते, ६४० रुपये आणि एक मोबाईल जप्त झाला. जुगार कायद्याचं कलम १२ (अ) लावलं. रात्रभर ठाण्यात बसवलं, सकाळी वडिलांनी सही करून सोडवून आणलं.

फेब्रुवारी २०२० मध्ये समन्स आलं. लोकअदालतीचा दिवस होता, कोर्टाच्या आवारात जत्रेसारखी गर्दी. तिथे एकाने सांगितलं, "कबूल म्हणा, तीनशे भरा, मोकळे व्हा. नाहीतर पाच वर्षं तारखांना या." बारावीची प्रॅक्टिकल तोंडावर आलेली. भाऊ कबूल म्हणाला. वडिलांनी तीनशे भरले, पावती घेतली, आम्ही समजलो मिटलं. ती पावती अजून रेशनकार्डाच्या पिशवीत आहे.

त्या पाचांत माझा एक चुलतभाऊही होता, तेव्हा चोवीस वर्षांचा. तारखेसाठी तो कारखान्यावरून ऊसतोडीच्या टोळीतून आला होता, खिशात पैसे नव्हते. कोर्टाने दंड भरायला मुदत दिली. तो टोळीत परत गेला, मागोमाग लॉकडाऊन लागला, दंड राहिला तो राहिलाच. गेल्या महिन्यात पोलीस पाटलांनी सांगितलं की त्याच्या नावाने वॉरंट निघालंय. गावात म्हणतात, सहा वर्षं झाली की आपोआप मिटतं, गप बस.

भावाला सगळे सांगतात, लिहू नको, तीनशे रुपयांचं कोण बघतंय. मी अंगणवाडीत मदतनीस आहे, कायद्यातलं मला काही कळत नाही. कृपा करून माहितगारांनी सांगा. कागद द्यायला बारा दिवस राहिलेत.

शिवारातला

ताई, लिहू नका. लोकअदालतीत मिटलेली केस कुठे दिसत नसते. आमच्याकडे दोघांनी नाही लिहिलं, आज दोघं ड्युटीवर आहेत.

टेंपोवाला दादा

ताई, वरच्या भावाचं ऐकू नका, हात जोडून सांगतो. मी नाही लिहिलं.

माझी केस तुमच्या भावाच्या केसपेक्षाही बारीक होती. गणपती विसर्जनात मिरवणुकीत आरडाओरडा, महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ११०/११७. कोर्टात बाराशे रुपये दंड भरला. पुढे एका सुरक्षा दलात निवड झाली. फॉर्म भरताना मामा म्हणाला "नाही" लिही, मी "नाही" लिहिलं. प्रशिक्षणाच्या चौथ्या महिन्यात कार्यालयात बोलावलं. टेबलावर माझ्याच गावच्या ठाण्याचा अहवाल होता, गुन्हा रजिस्टर नंबर, तारीख, दंडाची रक्कम, सगळं. साहेब मला एवढंच म्हणाले की तू हे लिहिलं असतंस तर मी तुझ्या बाजूने दोन ओळी लिहू शकलो असतो. दुसऱ्या दिवशी मी ट्रंक घेऊन स्टँडवर होतो.

मला मिरवणुकीतल्या ओरडण्याने काढलं नाही. खोटं लिहिलं म्हणून काढलं. नऊ वर्षं झाली. आजही परेडच्या आवाजाने जाग येते.

नक्कल विभाग

ताई, मी कोर्टात ३१ वर्षं लिपिक होतो, त्यातली अकरा नक्कल विभागात, म्हणजे कोर्टाच्या कागदांच्या प्रती मिळतात तिथे. तुमच्या भावासारखी मुलं भरतीच्या हंगामात माझ्या खिडकीशी रांग लावायची. सगळ्यांचा एकच प्रश्न, "साहेब, दंड भरला होता, मग केस कशी काय राहिली?"

तर पहिली गोष्ट. लोकअदालतीच्या दिवशी कोर्टात दोन वेगळी कामं चालतात आणि लोकांना ती एकच वाटतात. एक तडजोड. फिर्यादी आणि आरोपी समेट करतात, कायद्याने तडजोडीला मुभा असलेला गुन्हा असतो, आणि तशा तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखा असतो. दुसरं, गुन्ह्याची कबुली. त्याच दिवशी, त्याच मांडवाशेजारी दंडाधिकारी बसतात, आरोपी "कबूल" म्हणतो, ते दंड सुनावतात. ती दोषसिद्धी असते, रक्कम तीनशे असो की तीस हजार. जुगाराच्या गुन्ह्यात तडजोड नसतेच. तुमच्या भावाच्या कागदावर "दोषी" हाच शब्द असणार. हे त्या दिवशी त्याला कुणी समजावून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, याचं मला आजही वाईट वाटतं. कारण मीही त्या गर्दीत टेबलामागे बसलेला असायचो. दिवसाला दोनशे प्रकरणं निघायची आणि पोरांच्या चेहऱ्याकडे बघायला कुणाला सवड नसायची.

दुसरी गोष्ट, लिहायचं का? लिहायचंच. अवतार सिंग यांच्या प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हा सगळा गोंधळ निस्तरलाय. उमेदवाराने दिलेली माहिती खरी हवी. गुन्हा किरकोळ असेल, लहान वयातला असेल, तर नेमणूक करणारा अधिकारी तो सोडून देऊ शकतो. खरं लिहिलं म्हणून नोकरी मिळतेच असं नाही, अधिकारी पूर्ववृत्त तपासतोच. पण खरं लिहिलेल्या माणसाला बाजू मांडता येते. लपवलेलं सापडलं की लपवणं हाच मुद्दा होतो, टेंपोवाल्या दादांनी सांगितलं तसा.

पवन कुमार विरुद्ध हरियाणा राज्य हा १९९६ चा निकाल भावाला वाचायला द्या. त्या माणसाने अश्लील वर्तनाच्या कलमाखाली कबुली देऊन २० रुपये दंड भरला होता आणि त्यावरून त्याची सरकारी नोकरी गेली. सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई टिकू दिली नाही. नुसत्या त्या कलमाखाली दोषी ठरला म्हणून नैतिक अधःपतन म्हणता येत नाही, असं सांगितलं. पुढे न्यायालयाने संसदेलाच सुचवलं, की साधारण दोन हजारांपर्यंतचा किरकोळ दंड कोणत्याही कारणासाठी दोषसिद्धी धरू नये, नोकरीसाठी तर नाहीच. तसा सरसकट कायदा आजही नाही. म्हणून प्रत्येक पोराला आपापली लढाई लढावी लागते.

आता चुलतभावाचं. "सहा वर्षांत मिटतं" हे अर्धं खरं आहे आणि अर्धंच जास्त घात करतं. जुन्या दंड संहितेच्या कलम ७० मध्ये शिक्षा झाल्यापासून सहा वर्षांपर्यंत दंड वसूल करता येतो असं आहे, नव्या न्याय संहितेतही तीच मुदत ठेवलीय. पण ती मुदत वसुलीची. दोषी ठरल्याची नोंद त्याने पुसली जात नाही. वॉरंट हातात घेऊन पोलीस दारात आले तर सहा वर्षांचा हिशेब तिथे कोण ऐकणार? माणूस मेला तरी दंड त्याच्या मालमत्तेवर राहतो, हेही त्याच कलमात आहे. त्याला म्हणावं, सकाळी अकराला वकिलाबरोबर स्वतःहून कोर्टात हजर हो, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दे, तीनशे भर, पावती घे.

दंड न भरल्याची कैद ही वेगळी गोष्ट आहे. ती दंडाच्या बदल्यातली नसते, भरायला लावण्यासाठी असते. त्यामुळे पैसे भरले की त्या क्षणी ती संपते, आणि थोडे भरले तर तेवढ्या प्रमाणात दिवस कमी होतात. मी हे पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी पाहिलंय. हातभट्टीच्या केसमधली एक म्हातारी होती, दंड भरायला पैसे नव्हते, पंधरा दिवसांची साधी कैद. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा मुलगा पोत्याच्या सुतळीने बांधलेलं फडकं घेऊन आला. दहाच्या, वीसच्या नोटा आणि नाणी. आम्ही तिघांनी मिळून मोजली. कॅश बंद करायची वेळ झाली होती, पण नाझरांनी, म्हणजे कोर्टाचा पैसा सांभाळणाऱ्यांनी, पेटी पुन्हा उघडली आणि पावती फाडली, कारण दुसऱ्या दिवशी रविवार होता. म्हातारी त्याच रात्री घरी गेली. नुसत्या पैशाअभावी तुरुंगात राहिलेल्यांसाठी केंद्राने २०२३ मध्ये गरीब कैद्यांच्या मदतीची योजना आणलीय, त्यात शिक्षा झालेल्या कैद्याचा २५ हजारांपर्यंतचा दंड भरला जाऊ शकतो. बऱ्याच घरांना हे ठाऊकच नसतं.

शेवटी एक विचारतो. तुमच्या पोस्टमध्ये "बारावीची प्रॅक्टिकल" असे शब्द आहेत. भावाची जन्मतारीख काय? दाखल्यावरची. नीट बघून सांगा.

उजनीकाठची ताई

काका, दाखला समोर घेऊन बसलेय. ३ मार्च २००२.

पण पोलिसांच्या कागदावर वय १९ आहे. भावाला आत्ता विचारलं. तो म्हणतो, रात्री गाडीत एकाने सांगितलं की लहान आहे म्हणालास तर रिमांड होमला टाकतील, म्हणून त्याने स्वतःच १९ सांगितलं. अंगाने थोराड आहे, कुणी परत विचारलं नाही. कोर्टातही नाही. त्याने खोटं सांगितलं म्हणून आता आणखी एक गुन्हा होईल का? काका, मला झोप लागायची नाही.

नक्कल विभाग

ताई, निवांत झोपा. तुमच्या हातात भरतीतल्या सगळ्या कागदांपेक्षा मोठा कागद आहे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये तो १७ वर्षं ७ महिन्यांचा होता. कबुली दिली त्या दिवशीही अठरा पूर्ण व्हायला तीन-चार आठवडे कमी होते. त्याला त्या कोर्टात उभंच करायला नको होतं. बाल न्याय मंडळासमोर न्यायला हवं होतं.

पुढचं कायद्याचं कलम वकिलांनी सांगितलेलं बरं. इथे लातूरच्या वकील ताई असतात, त्यांना निरोप दिलाय. मी एवढं सांगतो की उद्याच नक्कल अर्ज टाका. निकालाची प्रत, रोजनाम्याची (तारखेगणिक कामकाजाच्या नोंदीची) प्रत, दोषारोपपत्र आणि ज्यात वय लिहिलंय तो अटकेचा कागद, या चार गोष्टी मागा. अर्जावर "तातडीची नक्कल" लिहा आणि कारणात भरतीची तारीख घाला. किरकोळ प्रकरणाचा कागद जुना झाला की रेकॉर्ड रूममध्ये जातो, शोधायला वेळ लागतो. केस नंबर पावतीवर असेल.

वकील ताई, लातूर

उशीर झाला, दिवसभर कोर्टात होते. काकांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय.

बाल न्याय कायदा २०१५, कलम ९. गुन्ह्याच्या दिवशी आरोपी अठराच्या आतला होता, हा मुद्दा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर काढता येतो. प्रकरण कायमचं निकाली निघालेलं असलं तरी, आणि मुलगा आता मोठा झालेला असला तरी. न्यायालयाला तो मुद्दा पटला तर प्रकरण मंडळाकडे पाठवलं जातं आणि आधी दिलेल्या शिक्षेला काही परिणाम उरत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. अपिलाची किंवा पुनरीक्षणाची मुदत संपली, ही भीती इथे नको. एरवी कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध वाट फार अरुंद असते, अपील करता आलं तरी शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का एवढ्यापुरतंच. बाकीचे जे तेव्हा अठरावरचे होते, त्यांना हा दरवाजा नाही. तुमच्या भावाला आहे.

वयाचा पुरावा काय, तेही कलम ९४ ने ठरवून दिलंय. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसेल तरच वैद्यकीय चाचणी. घाबरलेल्या पोराने गाडीत तोंडी काय वय सांगितलं, याला दाखल्यापुढे वजन नाही. वय तपासणं हे पकडणाऱ्यांचं आणि कोर्टाचं काम होतं. त्याने त्या रात्री १९ सांगितलं म्हणून आज त्याच्यावर काही होईल, ही चिंता सोडा.

आणि नोकरीसाठी महत्त्वाचं ते कलम २४. बालकाने केलेल्या गुन्ह्यामुळे त्याला पुढे कोणतीही अपात्रता येत नाही, आणि ठरावीक काळानंतर त्याचं रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. अपवाद आहे तो सोळा वर्षांवरच्या मुलाने घृणास्पद गुन्हा केला आणि प्रौढ म्हणून खटला चालला त्याचा. पत्त्याच्या डावाशी त्याचा संबंध नाही. केंद्रीय सुरक्षा दलाच्या भरतीतल्या रमेश बिष्णोई यांच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच धोरण पुढे ठेवलं, की बालवयातला डाग माणसाच्या मागे लागू नये.

एका बाबतीत मी काकांपेक्षा थोडी जास्त सावध आहे. कलम २४ हाताशी आहे म्हणून काही वकील सांगतील की "नाही" लिहा, कायदाच म्हणतो. मी माझ्या अशिलाला तसं सांगणार नाही. आज, या क्षणी, कोर्टाच्या दप्तरी दोषसिद्धी उभी आहे. बाल न्याय कायद्याखालचा आदेश हातात येईपर्यंत नमुन्यात "होय" लिहा. जागा कमी पडली तर वेगळा कागद जोडा. साधारण असं:

"होय. जुगार प्रतिबंधक कायदा कलम १२ (अ) खाली २०१९ मध्ये गुन्हा नोंद, फेब्रुवारी २०२० मध्ये कबुलीवरून रु. ३०० दंड, दंड भरला, पावती सोबत. गुन्ह्याच्या दिनांकास माझे वय १७ वर्षे ७ महिने होते, शाळेचा दाखला सोबत. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९ खाली न्यायालयात अर्ज दाखल केला असून त्याची प्रत सोबत जोडली आहे."

शेवटचं वाक्य खरं असायला हवं. म्हणजे अर्ज आधी दाखल करा, मग नमुना भरा. वकिलाची फी जड जात असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा, कोर्टाच्याच आवारात असते, उत्पन्न कमी असलेल्यांना वकील मोफत मिळतो.

मस्कतवाला

मधेच विचारतो, माफ करा. मलाही असाच दंड झाला होता, साडेतीन वर्षांपूर्वी, दोनशे रुपये. पासपोर्ट काढायचाय. नाकारतील का?

वकील ताई, लातूर

दादा, पासपोर्ट कायद्यात दोषसिद्धीवरून नाकारण्याची अट अशी आहे: अर्जाआधीच्या पाच वर्षांत, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात, किमान दोन वर्षं कैदेची शिक्षा. दोनशे रुपयांचा दंड त्यात बसत नाही. चालू असलेला खटला किंवा वॉरंट असेल तर मात्र अडतं, खटला चालू असेल तर कोर्टाची परवानगी आणावी लागते. अर्जात खरं लिहा, खोटी माहिती देणं हा तिथे स्वतंत्र गुन्हा आहे.

शिवारातला

ताई, मी घाईत लिहिलं होतं. माझ्या पोस्टवर जाऊ नका. आमच्याकडच्या त्या दोघांनाही हे वाचायला पाठवलंय.

उजनीकाठची ताई

सगळ्यांना नमस्कार. नऊ दिवसांनी लिहितेय, राग मानू नका.

नक्कल मिळायला पाच दिवस लागले. रोजनाम्यात एका ओळीत सगळं आहे: "आरोपी हजर. गुन्हा कबूल." आणि अटकेच्या कागदावर वय १९, खाली भावाची सही. ती सही बघून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, माझं अक्षर तेव्हा किती लहान होतं.

विधी सेवा समितीने एक वकीलबाई दिल्या. त्यांनी परवा अर्ज दाखल केला, शिक्का मारलेली प्रत आम्हाला दिली. काल भावाने साक्षांकन नमुना भरला. "होय" लिहिताना त्याचा हात थरथरत होता, मी कागद धरून ठेवला होता. सोबत पावती, दाखला, अर्जाची प्रत, सगळं लावलं. कार्यालयातल्या हवालदारांनी पानं उलटून बघितली, प्रत्येकावर शिक्का मारला आणि पोच दिली. होईल की नाही, काही बोलले नाहीत.

चुलतभाऊही त्याच दिवशी कोर्टात उभा राहिला. वॉरंट रद्द झालं, तीनशे भरले. टेंपोवाले दादा, तुमची पोस्ट मी त्याला मोठ्याने वाचून दाखवली होती, त्यानंतरच तो यायला तयार झाला.

काका, तुम्ही जन्मतारीख विचारली नसती तर आम्हाला कधीच कळलं नसतं. आईने तुम्हाला नमस्कार सांगितलाय. अर्जाची तारीख पुढच्या महिन्याची २२ आहे. कोर्टाने मूळ दाखला आणि मुख्याध्यापकांना शाळेच्या जनरल रजिस्टरसह बोलावलंय. मुख्याध्यापक येतो म्हणालेत.